एकाच पंगतीचा प्रश्न : टिळकांचा दरबार, पुण्याचा ख्रिस्त सेवा संघ आणि शिष्यत्वाचा अर्थ

सीना-काठ (धागाकर्ता)

आमच्या चर्चच्या मंडळीच्या अभ्यासवर्गात या पावसाळ्यात 'शांती, न्याय आणि शिष्यत्व' हा विषय घेतला होता. चार रविवार झाल्यावर माझ्या लक्षात आले की आम्ही या तीन शब्दांची तीन खाती करून टाकली आहेत. शांतीसाठी मासिक प्रार्थनासभा, न्यायासाठी नाताळपूर्वीचे धान्य आणि ब्लँकेटवाटप, आणि शिष्यत्वासाठी तरुणांचा बायबल-अभ्यास. प्रत्येक खात्याची समिती निराळी आणि एका समितीतल्या माणसाला दुसऱ्या समितीत काय चालले आहे याची गंधवार्ताही नाही. डोंगरावरील प्रवचनात मात्र शांती करणारे, नीतिमत्त्वाचे भुकेले आणि नीतिमत्त्वासाठी छळ सोसणारे यांना प्रभूने एकाच दमात धन्य म्हटले आहे. हे तिन्ही एकत्र कसे नांदतात हे मला व्याख्यांवरून नव्हे, तर आपल्याच मुलखात शंभर वर्षांपूर्वी झालेल्या एका प्रयोगावरून समजून घ्यायचे आहे. म्हणून हा धागा.

प्रयोगाचे मूळ रेव्हरंड नारायण वामन टिळकांपाशी आहे. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला आणि त्यानंतरची त्यांची बहुतेक वर्षे अमेरिकन मराठी मिशनच्या कामात, मुख्यतः नगरमध्ये गेली. आमच्या घरी आजी 'उपासना संगीता'तली त्यांची पदे पहाटे म्हणत असे, त्यामुळे टिळक म्हणजे पदे लिहिणारे कवी एवढेच लहानपणी ठाऊक होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. दरबारात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य एका बंधुसमाजात असावेत अशी त्यांची कल्पना होती.

पगार सोडण्याला मी एवढे महत्त्व का देतो ते सांगतो. मिशनच्या आवारात वर परदेशी मिशनरीचा बंगला, त्याखाली देशी पाळक, त्याखाली गावोगाव फिरणारा उपदेशक किंवा शाळामास्तर आणि सर्वांत खाली गावकुसाबाहेरचा नवा ख्रिस्ती, अशी उतरंड होती. या उतरंडीत शिष्य आणि नोकर यांतला फरकच पुसला जात होता. जो आपल्याला दरमहा वेतन देतो त्याच्याशी बंधू म्हणून बोलता येत नाही, हे टिळकांना वीस वर्षांच्या अनुभवाने कळले असावे, असे मला वाटते. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले आणि दरबाराला जेमतेम दोन वर्षांचे आयुष्य मिळाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' हे काव्य पुरे केले, पण दरबार पुढे चालवणारे कोणी उरले नाही, निदान साताऱ्यात तरी.

तो धागा उचलला एका इंग्रजाने. जॅक विन्स्लो हे ईटन आणि ऑक्सफर्डमध्ये शिकलेले अँग्लिकन धर्मगुरू पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नगर जिल्ह्यात कामाला आले होते. टिळकांचा त्यांच्यावर फार प्रभाव होता आणि १९२३ मध्ये त्यांनी टिळकांचे इंग्रजी चरित्रही लिहिले. जालियनवाला बाग आणि टिळकांचा मृत्यू या दोन्ही गोष्टी १९१९ च्या एप्रिल-मे महिन्यांतल्या. त्या वर्षानंतर बंगल्यात राहून हिंदी माणसाला देवाच्या प्रेमाबद्दल सांगणे हे एखाद्या प्रामाणिक इंग्रजाला किती अवघड झाले असेल, याचा विचार करून पाहावा. १९२२ मध्ये विन्स्लो यांनी आपल्या हिंदी सहकाऱ्यांसह 'ख्रिस्त सेवा संघ' स्थापन केला. आरंभ नगर जिल्ह्यात झाला आणि १९२७-२८ च्या सुमारास संघाचा आश्रम पुण्याला, आजच्या शिवाजीनगर भागात आला.

या संघाची घोषणापत्रे वाचण्यापेक्षा त्याची दिनचर्या पाहणे मला अधिक बोधक वाटते. हिंदी आणि इंग्रज सभासद एकाच छपराखाली राहत, खादी वापरत, जमिनीवर बसून, हाताने, एकाच पंगतीत शाकाहारी जेवण घेत. आज हे वाचताना त्यात विशेष काही वाटणार नाही. त्या काळी मात्र ज्या जातीचे लोक राज्य करीत होते त्या जातीचा माणूस ज्यांच्यावर राज्य होते त्यांच्या शेजारी पाटावर बसून भाकरी मोडतो, ही गोष्ट कॅम्पातल्या गोऱ्या समाजाला खुपणारी होती. आणि ज्याच्या आजोबांना गावच्या पाणवठ्यावर जाता येत नव्हते त्या नगरकडच्या ख्रिस्ती तरुणाच्या दृष्टीने तर एका पंगतीत दोन भिंती पडत होत्या, एक जातीची आणि एक साम्राज्याची.

माझे मुख्य म्हणणे इथे आहे. संघाच्या लोकांनी आधी न्यायाची भूमिका ठरवली आणि मग ते तसे राहू लागले, असे झाले नाही. ते आधी एकत्र जेवायला बसले. पुढच्या सगळ्या भूमिका त्या पंगतीतून आपोआप उठल्या. १९२७ च्या अखेरीस अल्जी रॉबर्टसन आणि व्हेरियर एल्विन हे दोन तरुण धर्मगुरू इंग्लंडहून संघात आले. एल्विन हे सिएरा लिओनच्या एका बिशपांचे पुत्र. आपल्या लोकांनी हिंदुस्थानातून इतके घेतले, तेव्हा कोणीतरी काही परत द्यायला जावे, अशी प्रायश्चित्ताची भावना त्यांच्या मनात होती. जानेवारी १९२८ मध्ये ते साबरमतीला गेले आणि तिथे त्यांना गांधीजी भेटले. १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा 'आम्ही धर्मकार्य करणारी माणसे, राजकारणाशी आम्हाला कर्तव्य नाही' हे वाक्य ज्यांना सहज म्हणता आले असते, त्यांना ते म्हणता येईना. ज्यांच्या ताटाला ताट लावून ते दोन वर्षे जेवत होते त्यांचेच भाऊबंद लाठ्या खात होते. एल्विन यांनी सत्याग्रहाच्या बाजूने उघडपणे लिहिले.

४ जानेवारी १९३२ च्या पहाटे मुंबईत मणिभवनात पोलीस गांधीजींना पकडायला आले, तेव्हा एल्विन आणि संघातले त्यांचे मराठी सहकारी शामराव हिवाळे तिथेच मुक्कामाला होते. त्यानंतर एल्विन खुदाई खिदमतगारांवरील, म्हणजे खान अब्दुल गफार खानांच्या अहिंसक स्वयंसेवकांवरील, दडपशाही पाहण्यासाठी वायव्य सरहद्द प्रांतात गेले आणि तिथून सरकारने त्यांना बाहेर काढले. त्याच महिन्याच्या अखेरीस हे दोघे मध्य प्रांतात मंडला जिल्ह्यातल्या करंजिया या गोंडांच्या गावी जाऊन राहिले. गोंडांकडे जाण्याची सूचना जमनालाल बजाजांची होती. तिथे त्यांनी संत फ्रान्सिसच्या नावाने आश्रम उभारला, दवाखाना आणि शाळा काढल्या, पुढे कुष्ठरोग्यांसाठी निवाराही केला.

नागपूरच्या बिशपांनी एल्विन यांना धर्मसेवेचा परवाना देण्यासाठी राजनिष्ठेची शपथ मागितली आणि एल्विन यांनी ती घेतली नाही. गोंडांचे धर्मांतर करणार नाही असेही त्यांनी ठरवले होते. १९३६ पर्यंत त्यांचा चर्चशी असलेला औपचारिक संबंध संपला.

संघाचे पुढे काय झाले, हेही लपवण्यात अर्थ नाही. १९३४ मध्ये त्याचे दोन भाग झाले. व्रतस्थ, अविवाहित राहून संन्यस्त संघ चालवावा असे काहींना वाटत होते, तर गृहस्थांनाही त्यात पूर्ण जागा हवी असे इतरांना वाटत होते. व्रतस्थांचा 'ख्रिस्त प्रेम सेवा संघ' झाला आणि विन्स्लो त्याच वर्षी इंग्लंडला परतले. म्हणजे एकाच पंगतीत कोण बसू शकतो, हा प्रश्न पंगत मांडणाऱ्यांनाही शेवटपर्यंत सुटला नाही.

सर्वांना विनंती अशी आहे की आपल्या भागातली, आपल्या माहितीतली अशी उदाहरणे लिहावीत आणि माझे म्हणणे चुकत असेल तर तेही सांगावे.

मुठेकाठची

धागा आवडला. एक भर घालते. शिवाजीनगरच्या त्या आश्रमाची गोष्ट १९३४ ला संपत नाही. १९७२ मध्ये तोच आश्रम नव्या रूपात सुरू झाला आणि त्यात अँग्लिकन आणि रोमन कॅथलिक अशा दोन वेगळ्या चर्चमधल्या धर्मभगिनी एकत्र राहू लागल्या. पारशी कुटुंबात जन्मलेल्या वंदना माताजी आणि मुंबईच्या सोफिया कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलेल्या, शांकर वेदान्ताच्या अभ्यासक सिस्टर सारा ग्रँट ही त्यातली दोन नावे बऱ्याच जणांना ठाऊक असतील.

आपण पंगतीचा मुद्दा मांडलात म्हणून मला हे आठवले. या भगिनींचे स्वयंपाकघर एक, प्रार्थना एकत्र, राहणे एकत्र. परंतु दोन्ही चर्चच्या नियमांप्रमाणे प्रभुभोजन मात्र वेगळे. ज्या मेजावर प्रभूने 'तुम्ही सर्व' असे म्हटले, त्याच मेजाशी आल्यावर वेगळे व्हावे लागणे, ही वेदना अशा घरात रोजची असणार. सोळाव्या शतकात युरोपात झालेल्या भांडणाची वेगळी पंगत पुण्यात का मांडायची, असे मला नेहमी वाटत आले आहे. शांतीचे सेवाकार्य म्हणताना आपण दोन धर्मांमधल्या किंवा दोन देशांमधल्या शांतीबद्दल बोलतो. ख्रिस्ती माणसाने आपल्याच दोन चर्चमधल्या या दुराव्याकडेही त्याच गांभीर्याने पाहायला हवे.

सरळवाट

मी ख्रिस्ती नाही. टिळकांच्या कवितेवर आणि लक्ष्मीबाईंच्या गद्यावर वाढलेला एक वाचक म्हणून लिहितो आहे आणि माझा आक्षेप आदरपूर्वक मांडतो आहे.

आपण एल्विन यांचे उदाहरण दिलेत, त्यात गोंडांचे धर्मांतर न करण्याचा निर्णय एका वाक्यात येऊन गेला. माझ्या दृष्टीने सगळ्या चर्चेचा गाभा तो आहे. भुकेलेल्याला अन्न देणारा हात आणि बाप्तिस्मा देणारा हात एकच असेल, तर त्या दानाला न्याय म्हणावे की नाही, हा प्रश्न आमच्यासारख्यांच्या मनात असतो. १८९३ मध्ये पंडिता रमाबाईंनी विधवांच्या शिक्षणासाठी काढलेल्या शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर बाहेर पडले ते याच शंकेमुळे, आणि ती दोघेही काही सनातनी गृहस्थ नव्हते. टिळकांनी दरबारात बाप्तिस्मा न घेतलेल्यांना जागा दिली, एल्विन यांनी धर्मांतराचे कामच सोडले. मग ज्यांना आपण आदर्श म्हणता ते दोघेही चर्चच्या चाकोरीबाहेर गेलेले कसे? शिष्यत्व आणि संस्था यांचे मुळातच जमत नाही, असे तर यातून निघत नाही ना?

भीमाथडी

सरळवाट यांनी शारदा सदनाचा उल्लेख केला म्हणून लिहितो. आमच्या घरातल्या दोन पिढ्या केडगावच्या परिसरात गेल्या, त्यामुळे पंडिता रमाबाईंचे नाव आमच्याकडे घरच्या माणसासारखे घेतले जाते आणि तेवढ्याच मोकळेपणाने त्यांच्याबद्दल वादही होतात.

१८९३ चा प्रसंग खरा आहे आणि रानडे-भांडारकरांची अडचणही खरी होती. विधवांना शिक्षण मिळावे पण धर्म बदलू नये, या विश्वासावर पालकांनी मुली पाठवल्या होत्या. रमाबाईंचे म्हणणे असे की मी कोणाला सक्ती करीत नाही, पण माझ्या खोलीचे दार लावून प्रार्थना करा असे मला कोणी सांगू नये. दोन्ही बाजू प्रामाणिक असूनही फाटले, असे ते प्रकरण आहे.

पंगतीच्या मुद्द्यापुरती एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले, तेव्हा ब्राह्मण मुलींना आपले सोवळे सांभाळता यावे म्हणून स्वयंपाकपाण्याची वेगळी सोय होती. रमाबाईंनी ती समजूतदारपणे केली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून उपाशी, अनाथ, फसवल्या गेलेल्या मुलींना घेऊन आल्या, त्यांतून केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली. सोवळ्याची व्यवस्था जपणारी संस्था दुष्काळाच्या तडाख्याने सर्व जातींच्या मुलींचे घर झाली. मुली विहिरी, शेती, विणकाम सांभाळत, छापखाना चालवत, अंध मुलींना वाचायला शिकवत. मूळ भाषांवरून मराठी बायबल करण्याचे काम रमाबाईंनी मरेपर्यंत, म्हणजे एप्रिल १९२२ पर्यंत केले, आणि ते छापले त्या मुलींनी.

आता न्यायाबद्दल. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी सोल्जर घरोघर फिरत होते. त्या वेळी प्लेगच्या रुग्णालयात आणि छावणीत बायकांची कशी विटंबना होते, याबद्दल रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' या वृत्तपत्रात आपल्या नावाने पत्र लिहिले. विलायतेत असलेल्या गोखल्यांनी प्लेगच्या बंदोबस्तातल्या जुलमांचा विषय तिथे काढला, पुरावा उभा राहिना, आणि परत आल्यावर त्यांना जाहीर माफी मागावी लागली, हे सर्वांना माहीत आहे. रमाबाईंची बाजू मात्र फारशी कोणी सांगत नाही. इंग्रजांच्या राज्याविरुद्ध एका विधवा बाईने लिहिणे, याला मी शिष्यत्व म्हणेन. सेवा, धर्मप्रसार आणि सत्तेपुढे खरे बोलणे हे तिन्ही त्यांच्यापाशी एकत्र होते. सरळवाट यांना त्यांतले एक नको असेल, पण ते वेगळे काढून रमाबाई शिल्लक राहत नाहीत.

गावकूस

इतका वेळ वाचत होतो. आता लिहावेसे वाटले, कारण पंगतीबद्दल बोलणारे बहुतेक जण पंगत मांडणाऱ्यांच्या बाजूने बोलत आहेत. ज्यांना पंगतीत बोलावले गेले त्यांच्या बाजूने मी थोडे लिहितो.

आमचे पणजोबा महारवाड्यातले. मिशनच्या शाळेत गेले, अक्षर शिकले, ख्रिस्ती झाले. नगर, जालना, औरंगाबाद या पट्ट्यातल्या बहुसंख्य ख्रिस्ती घरांची कथा अशीच महारवाड्यातून किंवा मांगवाड्यातून निघालेली आहे. गावाने आमची जात कधी विसरली नाही. तसे सरकारने मात्र ती विसरली. संविधान (अनुसूचित जाती) आदेश, १९५० प्रमाणे हिंदू नसलेल्याला अनुसूचित जातीचा मानायचे नाही असे ठरले. १९५६ मध्ये त्यात शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेरच आहेत. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ च्या अहवालात ही धर्माची अट काढावी असे सांगितले. २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा नवा आयोग नेमला गेला. माझ्या वडिलांचे सख्खे चुलतभाऊ १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्ध झाले. एकाच वाड्यातली, एकाच आडनावाची, एकाच जातीची आम्ही दोन घरे. त्यांच्या मुलांना सवलत आहे आणि आम्हाला नाही. त्यांना ती मिळाली याचा मला आनंदच आहे. आमच्या बाबतीत प्रश्न एवढाच की प्रार्थना बदलल्याने गावकूस बदलले, असे कोणी पाहिले आहे का?

हे झाले सरकारचे. आता घरचे बोलतो आणि ते अधिक जड आहे. मी ज्या मंडळीत लहानाचा मोठा झालो तिथे पूर्वीच्या महारांची आणि पूर्वीच्या मांगांची घरे आहेत. उपासनेला सगळे एका छताखाली बसतात, पण सोयरीक होत नाही आणि दफनभूमीत दोन बाजू आहेत. मध्ये गुडघाभर उंचीची दगडांची ओळ आहे. माझे वडील वारले तेव्हा आईच्या इच्छेप्रमाणे त्यांना त्यांच्या जिवलग मित्राच्या शेजारी जागा द्यावी, अशी आम्ही विनंती केली. तो मित्र ओळीच्या पलीकडे आहे. पंचांनी नकार दिला नाही. त्यांनी सांगितले की आता दुःखाची वेळ आहे, यावरून मंडळीत तेढ नको, सगळ्यांनी शांती राखावी. वडिलांना आम्ही ओळीच्या अलीकडे ठेवले.

म्हणून शांती हा शब्द ऐकला की मी आधी विचारतो, ती राखण्याचा भार कोणावर टाकला आहे? माझ्या पाहण्यात तरी तो नेहमी ज्याचे नुकसान झाले आहे त्याच्यावरच असतो. विन्स्लो साहेबांनी पाटावर बसून भाकरी खाल्ली हे चांगलेच झाले. आमच्या बाजूने मात्र पंगतीतून उठल्यावर काय होते, लग्नाच्या मांडवात काय होते आणि मेल्यावर कुठे पुरतात, इथपर्यंत शिष्यत्व पोहोचले पाहिजे.

केळीची बाग

गावकूस यांच्या प्रतिसादानंतर काही लिहिणे कठीण आहे. वसईकडचे एक उदाहरण थोडक्यात देतो, कारण शांतीचा भार कोणावर, या त्यांच्या प्रश्नाशी त्याचा संबंध आहे.

आमच्याकडे ऐंशीच्या दशकात जमिनी बळकावण्याचा आणि दहशतीचा काळ होता. बागायती जमिनी, गोड्या पाण्याच्या विहिरी आणि टँकरने उपसले जाणारे पाणी हा कोणा एका धर्माचा प्रश्न नव्हता. नंदाखालला जन्मलेले आणि बरीच वर्षे 'सुवार्ता' मासिकाचे संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या चळवळीचे नेतृत्व केले. त्यात ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान, शेतकरी, शिक्षक, बायका सगळे होते. पुरोहिताने प्रार्थनेपुरते राहावे, रस्त्यावर येऊ नये, असे सांगणारे चर्चमध्येही होते आणि बाहेरही. त्यांनी ऐकले नाही. पण ते लढे अहिंसेच्या मार्गाने चालावेत यासाठी ते आग्रही राहिले.

२०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हाही ते ख्रिस्ती धर्मगुरू आहेत म्हणून विरोध झाला. प्रकृती बरी नसतानाही ते उस्मानाबादला गेले. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले, तेव्हा आमच्या गावातल्या हिंदू शेजाऱ्यांच्या घरीही त्या दिवशी चूल उशिरा पेटली. संस्थेत राहून हे करता येते का, या सरळवाट यांच्या प्रश्नाला माझ्यापुरते उत्तर हे आहे. ते अखेरपर्यंत पुरोहितच होते.

सरळवाट

भीमाथडी आणि केळीची बाग यांच्या उत्तरांमुळे माझा संस्थेबद्दलचा मुद्दा मी मागे घेतो. धर्मांतराबद्दलचा मागे घेत नाही, पण गावकूस यांचा प्रतिसाद वाचल्यावर असे वाटते की त्यांच्या पणजोबांनी तो निर्णय का घेतला हे विचारण्याआधी आमच्या पणजोबांनी त्यांना पाणवठ्यावर का येऊ दिले नाही, हे मला विचारावे लागेल.

धागाकर्त्यांना एक प्रश्न मात्र राहतो. एल्विन यांनी १९४० मध्ये कोसी या गोंड मुलीशी लग्न केले, तेव्हा ती वयाने त्यांच्यापेक्षा फार लहान होती, आणि १९४९ मध्ये घटस्फोट झाला. पुढे एल्विन यांना मानसन्मान मिळाले. कोसी मागे राहिल्या. एकाच पंगतीत बसणाऱ्यांमध्येही एकाचे बळ जास्त आणि एकाचे कमी असते, हे आपल्या मांडणीत कुठे बसते?

सीना-काठ (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. मुठेकाठची यांनी सांगितलेला आश्रमाचा दुसरा टप्पा मी पुन्हा मुळातून वाचणार आहे.

सरळवाट, आपला प्रश्न योग्य आहे आणि माझ्या मांडणीत तो बसत नाही. एल्विन यांच्याबद्दल लिहिताना मी १९३६ ला थांबलो, कारण पुढचा भाग माझ्या सोयीचा नव्हता. शामराव हिवाळे मात्र आपल्या कुटुंबासह पुढची कित्येक दशके त्याच भागात, पाटणगढला राहिले. इतिहासात त्यांचे नाव कायम दुसरे येते. मी स्वतः मराठी असूनही धाग्यात त्यांना 'सहकारी' एवढ्याच शब्दात उरकले, हे आता वाचताना मला खटकते आहे. राहून दाखवणे हे शिष्यत्व असेल, तर त्या जोडीत ते शामरावांनी अधिक काळ केले.

गावकूस, आपल्या प्रतिसादाला उत्तर लिहायला मला तीन दिवस लागले. दफनभूमीतल्या त्या दगडांच्या ओळीबद्दल वाचले आणि मला आमच्या मंडळीची एक सभा आठवली. साधारण अकरा वर्षांपूर्वी आमच्याकडेही अगदी असाच अर्ज आला होता. आईला कुठे ठेवायचे यासाठी एका मुलाने केलेला. त्या वेळी मी कार्यकारी समितीचा चिटणीस होतो. चर्चा अर्धा तास चालली, कोणी आवाज चढवला नाही, सगळे मृदू बोलले आणि शेवटी विषय पुढच्या सभेवर गेला. पुढच्या सभेत तो घेतला गेला नाही, कारण तोवर दफन होऊन गेले होते. काल मी ते इतिवृत्ताचे पुस्तक कपाटातून काढले. त्यात माझ्याच अक्षरात असे लिहिले आहे : 'मंडळीतील शांती अबाधित राहावी या हेतूने सदर विषय स्थगित करण्यात आला.' खाली माझी सही आहे.

मी धागा सुरू केला तेव्हा मला शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांबद्दल बोलायचे होते. तो अर्ज करणारा मुलगा अजून आमच्याच मंडळीत आहे, माझ्या मागच्या बाकावर बसतो आणि दर रविवारी माझ्याशी हात मिळवतो. त्याने हा विषय पुन्हा कधी काढला नाही. काल संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो आणि ते पान त्याला दाखवले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले की अर्ज पुन्हा द्यायचा असेल तर जुन्याच तारखेचा धरणार की नवा लिहावा लागेल. मी म्हटले, जुनाच धरू. स्थगित विषय म्हणून तो अजून पटलावर आहे.

समितीची सभा येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आहे. मी आता चिटणीस नाही, पण सभासद म्हणून विषय मांडण्याचा मला हक्क आहे आणि तशी लेखी सूचना आज दिली आहे. काय होते ते इथे येऊन लिहीन.

गावकूस

वाचले. सभेनंतर काय झाले ते लिहा, विरोधात गेले तरी लिहा. ते पान आणि आजची सूचना यांची प्रत मला मिळाली तर ती घेऊन मी आमच्याकडच्या पंचांपाशी जाईन. आई अजून आहे.

सीना-काठ (धागाकर्ता)

प्रत आज पाठवतो.